कावळ्याच्या घरट्याची खूण

१/२४
जिनह्वा नगराच्या उत्तरेला एक ओसाड विहार आहे. त्याचे मंडप आणि मनोरा अजून देखणे, पण आवारात माणूस बुडेल एवढे गवत. तेथे मुक्कामाला उतरलेल्या एका वाटसरूपाशी मध्यरात्री एक मुलगी येते. ती जिवंत नाही. तिच्या हातून त्या विहारात माणसे मेली आहेत आणि पुढेही मरणार आहेत. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेली ही चिनी कथा भयाच्या वाटेने निघते आणि एका साध्या स्वयंपाकघरात, पेजेच्या वाटीपाशी विसावते. त्या कथेची आणि ती लिहिणाऱ्या एकाकी माणसाची ही हकीकत.

२/२४
कथाकाराचे नाव फू सोंगलिंग. जन्म १६४०, शांडोंग प्रांतातील झीच्वान. तो चार वर्षांचा असताना मिंग राजवट कोसळली आणि मांचूंची छिंग राजवट आली. बालपण लुटालूट, दुष्काळ आणि सत्तांतराच्या सावटात गेले. १६५८ साली त्याने सरकारी परीक्षांची पहिली पायरी ओलांडली आणि तालुका, जिल्हा व प्रांतीय परीक्षक अशा तिन्ही टप्प्यांत पहिला आला. परीक्षक होते नामवंत कवी शी रुनझांग. एवढ्या लहान वयात असे यश मिळवणारा मुलगा लवकरच अधिकारी होणार, याबद्दल गावात कोणाला शंका उरली नव्हती.

३/२४
पुढची पायरी मात्र त्याला कधीच चढता आली नाही. ही परीक्षा दर तीन वर्षांनी प्रांताच्या राजधानीत, जिनान येथे होत असे. सोंगलिंग केस पांढरे होईपर्यंत तिथल्या कोंदट खोल्यांत बसून निबंध लिहीत राहिला. १६८७ साली तर लिहिण्याच्या भरात त्याच्याकडून उत्तरपत्रिकेतील एक पान कोरे सुटले. निबंध कितीही चांगला असला तरी नियम स्पष्ट होता: कोरे पान म्हणजे अपात्र. सत्तरी ओलांडल्यावर ज्येष्ठतेमुळे एक मानाची पदवी हाती आली. तोवर तिचा उपयोग दाराला शोभा एवढाच उरला होता.

४/२४
पोटासाठी त्याने शिकवणी धरली. १६७९ पासून सुमारे ३० वर्षे तो बी घराण्याच्या वाड्यात मुलांचा शिक्षक म्हणून राहिला. या घराण्यातील एक पूर्वज मिंग दरबारात अर्थमंत्री होता. वाड्यात ग्रंथसंग्रह होता, बाग होती, यजमान आदराने वागवीत. पण घर दुसऱ्याचे, जेवण दुसऱ्याचे, मुले दुसऱ्याची. स्वतःची बायको आणि मुले गावी. त्यांची भेट सुट्टीला आणि सणाला. बाकीच्या रात्री परक्या वाड्यातली एक खोली, एक दिवा आणि कोरे कागद.

५/२४
त्याच १६७९ साली त्याने आपल्या कथासंग्रहाला प्रस्तावना लिहिली. तीत तो आपल्या जन्माची एक गोष्ट सांगतो. त्याच्या वडिलांना स्वप्नात एक कृश, आजारी बौद्ध भिक्षू खोलीत शिरताना दिसला. त्याच्या उघड्या छातीवर मलमाची गोल पट्टी होती. जागे होतात तो मुलगा जन्मला होता आणि त्याच्या छातीवर तिथेच काळा डाग होता. त्या भिक्षूसाठी तो जो शब्द वापरतो तो ‘गौतम’ या नावाचे चिनी रूप आहे. आपले दारिद्र्य आणि एकटेपण त्या भिक्षूकडून वारशाने आले असावे, असे त्याला वाटे. प्रस्तावनेच्या शेवटी तो म्हणतो की आपल्याला खरे ओळखणारे कोणी असतील तर ते बहुधा भुतांच्या अंधाऱ्या रानातच असतील.

६/२४
हा संग्रह म्हणजे ‘ल्याओझाय’. ल्याओझाय हे त्याच्या अभ्यासिकेचे नाव. त्यात सुमारे ५०० कथा आहेत: कोल्ह्यांच्या, भुतांच्या, फुलांतून प्रकटणाऱ्या स्त्रियांच्या. चीनमध्ये अशा कथा लिहिण्याची परंपरा चौथ्या शतकापासूनची. जुने लेखक अमुक गावी अमुक आक्रीत घडले, अशी कोरडी नोंद करून थांबत. सोंगलिंग त्या आक्रितामागे घरात शिरतो. त्याच्या भुतांना लाज वाटते, थंडी वाजते, सासूची मर्जी सांभाळावी लागते. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध भूत म्हणजे न्ये श्याओच्येन.

७/२४
कथेचा नायक निंग त्साइचेन हा झेज्यांग प्रांतातला. सरळ, थोडा हट्टी. आपल्या आयुष्यात एकीखेरीज दुसरी स्त्री नाही, असे तो लोकांना सांगत असे. घरी म्हातारी आई आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेली पत्नी. कामानिमित्त जिनह्वाला आला तेव्हा शहरात परीक्षार्थींची गर्दी होती आणि खोल्यांचे भाडे परवडेना, म्हणून त्याने ओसाड विहार गाठला. तिथे यान छिश्या नावाचा एक अबोल प्रवासी आधीपासून राहत होता. दोघांनी चांदण्यात बसून गप्पा मारल्या आणि आपापल्या खोलीत गेले.

८/२४
रात्री मुलगी आली. चांदणे आहे, झोप येत नाही, सोबत हवी, असे म्हणाली. निंगने तिला खडसावले. लोकांनी पाहिले तर काय म्हणतील, आणि नाही पाहिले तरी आपल्या मनाला काय सांगायचे, असा त्याचा रोख होता. ती गेली आणि सोन्याची लगड घेऊन परतली, अंथरुणावर ठेवली. त्याने ती उचलून अंगणात भिरकावली. तिने खजील होऊन सोने उचलले. हा माणूस लोखंडाचा आहे, असे काहीसे पुटपुटत ती अंधारात नाहीशी झाली.

९/२४
दुसऱ्या दिवशी लानशी गावचा एक विद्यार्थी नोकरासह विहाराच्या पूर्वेकडील खोलीत उतरला. त्याच रात्री तो मेला. पायाच्या तळव्यावर आरीने टोचावे तसे एक बारीक छिद्र आणि त्यातून पाझरलेले रक्त. पुढल्या रात्री नोकरही तसाच गेला. सोंगलिंग हे झाकत नाही आणि सौम्यही करत नाही. वाचकाला पुढे ज्या मुलीची दया येणार आहे, तिने दोन दिवसांत दोन निरपराध माणसे मारली आहेत. हे ठाऊक असूनच पुढे वाचायचे आहे.

१०/२४
तिसऱ्या भेटीत ती खरे सांगते. अठराव्या वर्षी मेली, विहाराशेजारी पुरली गेली, आणि एका पिशाच्चाच्या तावडीत सापडली. जो पुरुष तिच्या रूपाला भुलतो त्याच्या तळव्यात ती आरी टोचते, तो बेशुद्ध पडला की त्याचे रक्त त्या पिशाच्चाच्या वाट्याला. जो भुलत नाही त्याला सोने. ते सोने नसतेच, राक्षसाचे हाड असते आणि ते काळीज कापून नेते. मूळ चिनी मजकुरात राक्षसाला ‘लुओछा’ म्हटले आहे आणि तिच्या मालकाला ‘येछा’. हे शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून गेले: राक्षस आणि यक्ष. त्याच यक्षिणीची मराठीत ‘जखीण’ झाली. एकच शब्द दोन दिशांना प्रवास करून दोन्हीकडे भीतीच्या घरी उतरला.

११/२४
मग ती एक मागणे मागते. माझी हाडे येथून काढून सुरक्षित जागी पुरा. खूण विचारली तर सांगते: पांढऱ्या पॉप्लरच्या झाडाखाली, ज्यावर कावळ्याचे घरटे आहे. पॉप्लर कबरींपाशी लावण्याची चीनमध्ये जुनी रीत. पिंपळासारखीच त्याची पाने जराशा वाऱ्याने सळसळतात. पिंडाला कावळा शिवावा म्हणून ताटकळत उभे राहणाऱ्या मराठी माणसाला ही खूण फार परकी वाटणार नाही. मेलेल्याचा पत्ता सांगायला दोन्हीकडे कावळाच लागतो.

१२/२४
या मागण्याचे वजन कळण्यासाठी एक रूढी माहीत हवी. जुन्या चिनी कुटुंबव्यवस्थेत मुलीची जागा सासरच्या वंशात असे. तिच्या नावाची पाटी सासरच्या देव्हाऱ्यात बसे, तिला तिथली मुले अन्न वाढत. लग्नाआधी मेलेल्या मुलीला माहेरच्या देव्हाऱ्यात स्थान नव्हते आणि सासर तर नव्हतेच. तिला कोणी वाढणारे नाही, म्हणून ती भुकेली आणि बेवारस. तिला कोणीही वेठीला धरावे. महाराष्ट्रात मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या मुलाचा मुंजा होऊन पिंपळावर बसतो, त्यामागेही हीच भीती आहे. पिशाच्चाने श्याओच्येनला पकडले, कारण तिला आपली म्हणणारे जगात कोणी नव्हते.

१३/२४
त्या रात्री निंग यानच्या खोलीत झोपतो. खिडकीशी काहीतरी येते, यानच्या पेटीतून तलवारीचा लखलखाट बाहेर झेपावतो आणि सकाळी खिडकीखाली रक्ताचे डाग सापडतात. निरोप देताना यान त्याला तलवार ठेवायची एक जुनी चामडी पिशवी देतो. मग निंग घरट्याचे झाड शोधतो, माती उकरतो, हाडे गोळा करून कापडात बांधतो आणि नाव भाड्याने घेऊन गावी नेतो. घराजवळ, शेताच्या कडेला त्याची अभ्यासिका होती. तिच्या बाहेरच तो तिला पुरतो.

१४/२४
कबरीवर तो थोडे मद्य ओततो आणि बोलतो. त्याचे बोलणे प्रियकराचे नाही, शेजाऱ्याचे आहे. तू एकटी आहेस म्हणून माझ्या झोपडीशेजारी आणले. एकमेकांचे गाणे आणि रडणे ऐकू येईल एवढ्या अंतरावर. आता दांडगी भुते तुला छळणार नाहीत. पेय साधेच आहे, राग मानू नकोस. अशा आशयाची ती चार वाक्ये. परतताना मागून हाक येते: थांबा, मलाही येऊ द्या. वळून पाहतो तर श्याओच्येन उभी. दिवसाउजेडी तिचे पाय जमिनीला टेकलेले.

१५/२४
आई घाबरते. मुलगा प्रवासाला गेला आणि भूत घेऊन आला. एकुलता मुलगा, वंश चालवायचा आहे, सून म्हणून भूत कसे चालेल? श्याओच्येन वाद घालत नाही. मुलगी म्हणून राहू द्या, एवढेच म्हणते आणि थेट स्वयंपाकघरात शिरून चूल पेटवते. संध्याकाळ होते तसे आईला पुन्हा भय वाटू लागते. तिच्यासाठी अंथरूण घालत नाहीत. तिला जा म्हणतात, आणि ती निघते.

१६/२४
पण वाट अभ्यासिकेवरून जाते. दाराशी ती घुटमळते. आत टांगलेल्या त्या चामडी पिशवीचा तिला धाक वाटतो. निंग पिशवी हलवतो. ती आत येऊन दिव्यापाशी बसते आणि बराच वेळ बोलत नाही. मग विचारते, रात्री वाचता का? लहानपणी शूरंगम सूत्र पाठ होते, आता अर्धे विसरले, पोथी मिळेल का? हे सूत्र चिनी बौद्धांत अतिशय लोकप्रिय. त्याचा आरंभच असा: बुद्धाचा शिष्य आनंद मातंगीच्या मुलीच्या मोहमंत्रात अडकतो आणि त्याला सोडवून आणले जाते. पुरुषांना मोहात पाडून मारणारी मुलगी तेच पुस्तक मागते आहे.

१७/२४
दुसरा प्रहर उलटतो तरी ती उठत नाही. निंग सुचवतो की आता निघावे. ती म्हणते की परक्या गावात एकटीला त्या ओसाड कबरीची भीती वाटते. भुताला कबरीचे भय. निंग तरीही नियम सांगतो: दुसरे अंथरूण नाही, आणि बहीणभावांनीही मर्यादा पाळावी. ती उठते, रडू आवरत, पाय ओढत, पायऱ्या उतरते आणि दिसेनाशी होते. त्याला मनातून तिची कीव येते, पण बोलता येत नाही. ल्याओझायमधील सर्वांत हळवा प्रणयप्रसंग हा आहे आणि त्यात कोणी कोणाला स्पर्शही करत नाही.

१८/२४
पुढे काही घडत नाही, आणि तेच या कथेचे मर्म आहे. रोज सकाळी ती आईला हातपाय धुवायला पाणी देते, घरकाम करते, संध्याकाळी दिव्याशी पोथी वाचते, निंग झोपायला लागला की उदास होऊन निघून जाते. आई हळूहळू सरावते, तिला जीव लावते, आणि एके दिवशी ती भूत आहे हेच विसरते. मग रात्री घालवून देणे तिला जमत नाही. आली तेव्हा श्याओच्येन अन्नपाण्याला शिवत नसे. सहा महिन्यांनी ती थोडी थोडी पेज घेऊ लागते. तिच्या माणूस होण्याला मंत्र लागला नाही, साधना लागली नाही. रोजचे काम, रोजची हाक आणि वाटीभर पेज एवढ्यावर ते झाले.

१९/२४
या घरात आणखी एक स्त्री आहे: निंगची आजारी पत्नी. तिला कथेत नाव नाही. तिच्या आजारपणात सासूवर कामाचा भार पडला होता, श्याओच्येन आल्यावर सासूला उसंत मिळाली, आणि पुढे एका वाक्यात पत्नी वारते. मग लग्न होते. पाहुण्यांना नवरी भूत वाटत नाही, अप्सरा वाटते. मागावर आलेले पिशाच्च त्याच चामडी पिशवीत ओढले जाते आणि सकाळी पिशवीत नुसते स्वच्छ पाणी उरते. यथावकाश निंग वरची परीक्षा उत्तीर्ण होतो, मुले होतात. जे सोंगलिंगला मिळाले नाही ते सारे त्याने निंगला दिले. त्या औदार्यात निनावी पत्नी मात्र वगळली गेली.

२०/२४
याच संग्रहात या कथेचे काळोखे जुळे भावंड आहे. शांडोंगमध्ये १६६१ साली यू छी याचे बंड पेटले. ते चिरडताना सरकारने नात्यागोत्यातल्या, ओळखीपाळखीतल्या असंख्य लोकांना पकडले. ‘गोंगसुन ज्यूनियांग’ या कथेच्या आरंभी सोंगलिंग लिहितो की एका दिवसात शेकडो माणसे मैदानात कापली गेली आणि जिनानच्या सुतारांकडचे शवपेट्यांचे लाकूड संपून गेले. ज्यूनियांग ही त्या बंदिवानांतलीच. राजधानीकडे नेताना वाटेत तिची आई हालांनी मेली आणि मुलीने स्वतःचा जीव घेतला.

२१/२४
मेलेल्या आप्तांना तर्पण करायला आलेल्या एका विद्यार्थ्याची तिच्याशी भुतांच्या वस्तीत गाठ पडते. लग्न होते. काही रात्रींनी ती त्याला निरोप देते आणि श्याओच्येनसारखेच मागणे मागते: माझी हाडे तुमच्या घराण्याच्या कबरींशेजारी न्या. तो कबूल करतो. परतल्यावर त्याच्या लक्षात येते की कबरीची खूण विचारायची राहिली. पुन्हा जातो तर हजारो उंचवटे, एकासारखा एक. तिने दिलेला रेशमी मोजा वाऱ्यात विरून जातो. सहा महिन्यांनी तो पुन्हा तेथे येतो तेव्हा ती थडग्यांत एकटी हिंडताना दिसते. तो हाक मारतो. ती रागाने पाहते, बाहीने तोंड झाकते आणि नाहीशी होते.

२२/२४
दोन्ही पुरुषांनी वचन मनापासून दिले होते. एकाला कावळ्याचे घरटे ठाऊक होते, दुसऱ्याला काहीच नव्हते. सोंगलिंगच्या जगात प्रेमाची कसोटी अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर लागते: समोरच्याचा पत्ता नीट विचारून घेतला होता का? ज्या पिढीने सामुदायिक कबरी पाहिल्या तिला हे क्षुल्लक वाटत नसणार. हजार मढ्यांतून एकीला वेगळे ओळखणे, हेच तिला माणूस मानणे होते.

२३/२४
पुढच्यांनी ही खूण अनेकदा हरवली. संग्रह १७६६ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर ५१ वर्षांनी छापला गेला. १८८० साली हर्बर्ट जाइल्स या ब्रिटिश वकिलातीतील अधिकाऱ्याने निवडक कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा या कथेला त्याने नाव दिले ‘जादूची तलवार’. शीर्षकातून मुलगी गेली आणि शस्त्र राहिले. १९६० साली ली हानश्यांगने हाँगकाँगमध्ये तिच्यावर चित्रपट केला, तर १९८७ चा लेस्ली च्युंग व जोई वाँग यांचा चित्रपट आशियाभर गाजला. त्याचा शेवट मात्र ताटातुटीचा: पहाटेचे ऊन येते आणि ती कायमची जाते. पडद्याला वियोग मानवतो. पेज पिणारे भूत पडद्यावर दाखवणे अवघड.

२४/२४
शेवटी सोंगलिंगच्या पत्नीविषयी. तिचे आडनाव ल्यू. लग्न १६५७ चे. १७१३ साली ती गेल्यावर त्याने तिचे चरित्र लिहिले. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला शेतावरचे पडके घर आले. नवरा दरवर्षी बाहेरगावी. ती लहानग्याला घेऊन एकटी. पाऊस, वादळ, विजा. रात्री लांडगा आवारात शिरे, कोंबड्या ओरडत, डुकरे बिथरत. मूल गाढ झोपलेले असे आणि ती दिव्यापाशी सूत कातत उजाडण्याची वाट पाही. म्हणून ती स्वतःच्या जेवणातला घास कमी करी, भाकरीचा तुकडा राखून ठेवी आणि शेजारच्या म्हातारीला तो देऊन विनवी की आजची रात्र माझ्याकडे झोपायला या. पलंग म्हातारीला देई. ओसाड कबरीत परत जायला घाबरणाऱ्या त्या मुलीचे बोलणे सोंगलिंगने कोठे ऐकले असेल, याचा अंदाज बांधायला फार दूर जावे लागत नाही. कथेत त्या भुताला दिव्याशी जागा मिळाली. घरी ल्यूने ती सोबत आपल्या ताटातली भाकर देऊन मिळवली होती.